लेकरावर अत्याचाराचा संशय आला तर? सांगणाऱ्याला कायद्याचं संरक्षण, गप्प बसणाऱ्याला शिक्षा

नाशिक : ‘आपण कशाला मधे पडायचं, कोर्टाच्या चकरा आपल्याच मागे लागतील’ असं म्हणत गावात बरंच काही दाबलं जातं. लेकरावरच्या लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत मात्र कायदा उलटा आहे. तिथं गप्प बसणाराच अडकतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं प्रकरण बघा. शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं 2019 मध्ये उघड झालं. या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही गुन्हा दाखल झाला. कळूनही पोलिसांना कळवलं नाही, एवढाच त्याच्यावर आरोप. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला होता. 2 नोव्हेंबर 2022 ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, बहुतेक वेळा त्यातून आरोपीलाच पाठीशी घातलं जातं, असं कोर्टाने सुनावलं. 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेवरही न कळवल्याचाच ठपका आला.

आपल्याकडे सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरची कितीतरी पोरं आश्रमशाळेत राहतात. आईबाप दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामावर. पोरगी अचानक गप्प झाली, जेवेनाशी झाली, तर ते आधी दिसतं स्वयंपाकीण, कामाठी आणि शिक्षकांना. नोकरी जाईल म्हणून तेच बोलत नाहीत.

2012 च्या पोक्सो कायद्याने कळवणं सगळ्यांवर बंधनकारक आहे. पुरावा गोळा करणं पोलिसांचं काम. आपण फक्त सांगायचं. न सांगितल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, संस्थाचालक असेल तर वर्षापर्यंत कैद आणि दंड. चांगल्या हेतूने सांगितलं आणि पुढे काही निघालं नाही, तरी सांगणाऱ्यावर कारवाई होत नाही. बदनामीसाठी मुद्दाम खोटी तक्रार केली तरच शिक्षा आहे.

तंटामुक्ती समितीत किंवा पंचांपुढे हे मिटवता येत नाही. मिटवणारेही अडचणीत येतात. तक्रार केली म्हणून जातपंचायतीने घर वाळीत टाकलं, तर 2016 च्या कायद्याने तोही गुन्हा. पण कागदावरचा कायदा शेजाऱ्याचं तोंड बंद करत नाही, ही भीती खरीच आहे. म्हणून चार जणांनी मिळून गेलेलं बरं.

जवळच्या पोलीस ठाण्यात जा, नाहीतर 1098 किंवा 112 ला फोन करा. लेकराचं नाव, फोटो, शाळा मात्र व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे.