दवाखान्यातून विधिमंडळाकडे

आपल्या वसतिगृहातून शिकून गेलेले कितीतरी विद्यार्थी आज डॉक्टर, परिचारिका, आरोग्यसेवक आहेत. त्यांचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. मात्र विधिमंडळाचा विषय निघाला की ‘राजकारण नको, सर’ असे म्हणून त्यांतील बहुतेक जण मोकळे होतात. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्यांच्यापुढे डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांचे कार्य ठेवू इच्छितो.

१८८६ मध्ये पुदुकोट्टई संस्थानात त्यांचा जन्म झाला. वडील ब्राह्मण प्राचार्य, तर आई देवदासी समाजातील. मुलांच्या महाविद्यालयात त्यांना प्रवेश देण्यास विरोध झाला. तो डावलून त्या शिकल्या आणि १९१२ मध्ये मद्रास वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. बालपणीच देवाला वाहिलेल्या मुलीच्या देहाची जी विटंबना होते, तिच्यावर कोणत्याही दवाखान्यात औषध नाही, हे त्या जाणून होत्या.

१९२७ मध्ये मद्रास विधान परिषदेवर त्यांची नियुक्ती झाली व सदस्यांनी त्यांना उपाध्यक्ष निवडले. त्याच वर्षी बाबासाहेब मुंबईच्या परिषदेत नियुक्त सदस्य म्हणून गेले आणि १९२८ मध्ये कारखान्यांतील स्त्रियांना प्रसूतिकाळात भत्ता मिळावा म्हणून त्यांनी विधेयकाची पाठराखण केली. आईचे आरोग्य हा कायद्याचा विषय आहे, हे दोघांनीही ओळखले होते.

देवळाची इनाम जमीन देवदासीच्या सेवेशी बांधलेली असे. जमीन टिकवायची तर घरातील मुलगी द्यावी लागे. मुथुलक्ष्मींच्या प्रयत्नाने झालेल्या १९२९ च्या दुरुस्तीने ही गाठ सोडवली. जमीन राहिली, सेवेची सक्ती गेली. पुढे समर्पणावरच बंदी घालणारे विधेयक त्यांनी मांडले. परंतु १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेच्या निषेधार्थ त्यांनी परिषद सोडली आणि बंदीचा कायदा होण्यास १९४७ साल उजाडले. त्यांच्या त्यागाचा आदर राखूनही आम्हांस वाटते की, पीडितांच्या प्रतिनिधीने सोडलेली जागा फार महाग पडते. त्या सतरा वर्षांत किती बालिका वाहिल्या गेल्या असतील!

कायद्याची वाट पाहत मात्र त्या बसल्या नाहीत. देवदासी समाजातील मुलींना वसतिगृहांची दारे बंद होती. मुथुलक्ष्मींनी त्यांना स्वतःच्या घरी ठेवून घेतले. त्यातूनच ‘अव्वई होम’ उभे राहिले. बहीण कर्करोगाने गेली होती. ते दुःख उरात ठेवून त्यांनी १९५४ मध्ये अड्यार येथे अवघ्या बारा खाटांवर कर्करोग रुग्णालय सुरू केले.

वसतिगृहाचे दार उघडे असणे म्हणजे काय, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. आमच्या डॉक्टर मुलामुलींनी रुग्ण अवश्य तपासावेत. पण गावचे पाणी, बाळंतिणीचा आहार आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील रिक्त जागा यांचा निर्णय जेथे होतो, त्या सभागृहाकडे पाठ फिरवू नये. आपण रिकामी ठेवलेली खुर्ची रिकामी राहत नाही. तेथे दुसरा कोणी बसतो.