आरोग्यचिंतन : मनगटाचा तराजू

शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास जाताना पायरी चुकली, की वृद्ध माणूस प्रथम हात टेकतो आणि मनगटाजवळचे हाड मोडते. या अस्थिभंगाचे वर्णन डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये केले.

मनगटावरील भार दोन हाडांत विभागलेला असतो : अंगठ्याकडील हाडावर सुमारे ८० टक्के, करंगळीकडील हाडावर २०. मोडलेले हाड अवघे अडीच मिलिमीटर आखूड जुळले, तरी करंगळीकडील भार दुपटीने वाढून ४० टक्क्यांवर जातो, असे प्रयोगशाळेतील मोजमापांत आढळले आहे. तराजू असा बिघडला, तर दुखणे मागे राहू शकते. हाड प्लास्टरमध्येही सरकते. म्हणून ‘हात सरळ दिसतो’ एवढ्यावर समाधान न मानता पहिल्या दोन आठवड्यांत डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा क्ष-किरण तपासणी करून घ्यावी.

दुसरा दाब सुजेचा. मनगट फार वाकवून बांधले किंवा प्लास्टर घट्ट झाले, तर आतील मज्जातंतू दबतो. बोटे बधिर वा निळसर झाली, वेदना वाढतच गेली, तर वाशिम गाठावे लागले तरी सकाळची वाट पाहू नये.

वडीलधारी माणसे मुकाट्याने सोसतात. दुकान वाढवून घरी आल्यावर त्यांची बोटे हलतात का, हे आपणच विचारावे.