चेरी ब्लॉसम नव्हे, उंदीरमारी!

फेब्रुवारी संपत आला की तुमच्याही फीडवर तो रील येतोच. घाटातला रस्ता, दोन्ही बाजूंना एकही पान नसलेली, फिकट गुलाबी फुलांनी लगडलेली झाडं आणि वर कॅप्शन : 'आपल्या सह्याद्रीतला चेरी ब्लॉसम'. मागच्या वर्षी मीही तो शेअर केला होता. मग राजमाचीच्या वाटेवर तेच झाड समोर आलं. मी फोन काढला, तर डोक्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "त्या उंदीरमारीचा कशाला फोटो काढतीस गं?"

उंदीरमारी. पुस्तकी नाव गिरिपुष्प, शास्त्रीय नाव ग्लिरिसिडिया. बिया आणि साल उंदरांना विषारी, म्हणून हे नाव. झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं, आपल्याकडे मुद्दाम आणून लावलेलं. जपानशी त्याचा काडीचा संबंध नाही. सुंदर दिसतं, वादच नाही. पण पाहुण्या झाडाला तिसऱ्याच देशाचं नाव देऊन आपण मिरवतो आणि शेजारी उभ्या असलेल्या घरच्या झाडाचं नाव मात्र आपल्याला येत नाही, हे मला खटकलं.

आपल्यासाठी सह्याद्री म्हणजे जून ते सप्टेंबर. कासला ऑनलाइन बुकिंग करून जायचं, धबधब्याखाली भिजायचं, संपला सीझन. मार्चमध्ये ट्रेक म्हटलं की ग्रुपवर लगेच 'उन्हात काय बघायचंय?'

बघायचंय तर ऐका. पळस, पांगारा आणि काटेसावर. तिघंही वसंतात पानं टाकून लाल-केशरी होतात आणि लांबून तिघं सारखेच वाटतात. 'पळसाला पानं तीनच' हे आपल्याला पाठ असतं, पण गंमत म्हणजे पांगाऱ्यालाही तीनच! त्यामुळे म्हणीवर जाऊ नका, खोड बघा. पळसाला काटे नसतात, पांगाऱ्याला असतात. पळसाची कळी काळपट मखमली देठाकोशातून बाहेर येते आणि फूल पोपटाच्या चोचीसारखं वळलेलं असतं. संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात, म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?' पांगाऱ्याची फुलं फांदीच्या टोकाला गुच्छाने येतात, त्यात एकच पाकळी मोठी. सावरीच्या खोडावरही काटे असतात, पण तिचं फूल चुकणं अवघड आहे : तळहाताएवढं, पाच जाड पाकळ्यांचं, मधोमध पुंकेसरांचा झुबका. पडतं तेव्हा चक्क आवाज येतो. अशा झाडाखाली दहा मिनिटं नुसतं बसा. मैना, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी... मध प्यायला निम्मं जंगल तिथे जमलेलं असतं.

जरा खाली बघितलं तर उतारावर धायटीची झुडपं दिसतील, फांदीभर लाल नळ्या लावल्यासारखी. आसव-अरिष्टं आंबवताना आयुर्वेदात हीच फुलं घालतात. करवंदाच्या जाळीला पांढरी, सुगंधी फुलं असतात. माथेरान-महाबळेश्वरला गेलात तर अंजनी शोधा. तिची निळी-जांभळी फुलं थेट फांदीला चिकटून येतात, जणू कुणी लाकडावर रंग शिंपडलाय.

ओळखायचं कसं? अ‍ॅप वापरा, पण त्याच्यावर विसंबू नका. नुसत्या फुलाचा क्लोजअप दिला की अ‍ॅप बिनधास्त भलतंच नाव सांगतं. फूल समोरून, बाजूने, पान, साल आणि अख्खं झाड असे पाच फोटो काढा. आयनॅचरलिस्टवर टाकलंत तर जाणकार माणसं तपासून सांगतात. श्रीकांत इंगळहळीकरांचं 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' लायब्ररीत असेल तर मागून घ्या. आणि 'हे बॉटनीवाल्यांचं काम' असं म्हणणाऱ्या इंजिनीअर मित्रांसाठी : मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारे थिओडोर कुक हे पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजचे प्राचार्य होते. फोटोसाठी फांदी मोडू नका. पळस आणि सावरीखाली पडलेल्या फुलांचा सडा असतो, त्यातलं एक उचला.

आता जे सांगायला खरं तर हा लेख लिहायला घेतला, ते. हाच काळ वणव्यांचा. गवत वाळून कोळ झालेलं असतं, एक ठिणगी पुरते. जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं, या समजुतीने लावलेल्या आगी आहेतच. पण रात्रीच्या कॅम्पफायरची नीट न विझवलेली राख आणि वाटेत फेकलेलं सिगारेटचं थोटूक, ही आपल्या वयाच्या मंडळींची कमाई आहे. राजमाचीहून उतरताना मी एक अख्खा काळा उतार पाहिला. धायटीच्या काड्या जळून उभ्या होत्या. मोठी झाडं एखादवेळी तग धरतात, झुडपं आणि रोपटी नाही. कॉलेजच्या ट्रेकिंग क्लबनी फेब्रुवारी ते मे कॅम्पफायर बंद, हा साधा नियम स्वतःहून करावा. शेकोटीशिवाय गाणी म्हणता येतात. मार्चमध्ये थंडी तरी कुठे असते?

जाणार असाल तर पहाटे निघा, माणशी तीन लिटर पाणी घ्या, अकराच्या आत सावली गाठा. भेटेल त्या मावशी-काकांना झाडाचं नाव विचारा. मी माझी जुनी कॅप्शन बदलून 'उंदीरमारी' केलं. लाइक्स कमी झाले, पण खाली चौघांनी विचारलं, हे कुठलं झाड?