रिळाचा लगाम

गळाने मासे धरण्याचा छंद आमच्या वाचकांपैकी अनेकांस आहे, आणि सोमवार व श्रावण पाळूनही तो सुखेनैव चालतो. परंतु या निरुपद्रवी छंदातही आता पंथभेद माजला आहे. रीळ कोणते घ्यावे, या प्रश्नावर नदीकाठी सुशिक्षित गृहस्थ हमरीतुमरीवर येतात, आणि त्या भांडणावर दुकानदार आपली पोळी भाजून घेतो. आम्ही या वादात एक पक्ष घेणार आहोत. तो कोणासच फारसा रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे.

प्रथम वादी-प्रतिवादींची ओळख करून घेऊ. पहिले रीळ साधे: मूठ एकदा फिरवली की फिरकी एकदाच फिरते, आणि थोपवण्याचे काम माणसाच्या तळहाताचे. दुसरे दातेरी चक्रांचे. केंटकीतील पॅरिस गावच्या जॉर्ज स्नायडर नामक घड्याळजीने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी असे रीळ घडवले; मुठीच्या एका फेऱ्यास त्याची फिरकी अनेकदा फिरते. तिसरे स्थिर फिरकीचे. ब्रॅडफर्डचा कापड-कारखानदार आल्फ्रेड इलिंगवर्थ याने 1905 साली त्याचे पेटंट घेतले. गिरणीतील बॉबिनच्या टोकावरून सूत सुटते, तसा या फिरकीवरून तंगूस सुटतो; फिरकी जागची हलत नाही.

दातेरी रिळाचे अभिमानी स्थिर फिरकीस पोरांचे खेळणे म्हणून हिणवतात. आम्ही विचारतो, कोणत्या स्थळी? प्रत्येक न्यायालयास जसे अधिकारक्षेत्र असते, तसे प्रत्येक रिळासही असते. होडीतून जड शिसे खोल सोडून मोठा मासा उपसावयाचा असेल, तर दातेरी रीळ खरोखरच बलवान आहे. पण मांडवीच्या वा जुवारीच्या काठावरून हलके सुंगट वाऱ्याविरुद्ध फेकावयाचे असेल, तर हेच रीळ नवशिक्याची फजिती करते. आमिष मंदावते, फिरकी मात्र भरधाव फिरत राहते, आणि अंगठा क्षणभर चुकला की तंगुसाचे घरटे होते. तेथे स्थिर फिरकीच योग्य. हा आमचा पहिला निर्णय.

परंतु खरा प्रश्न याहून पुढचा आहे. काही वर्षांपूर्वी आम्हीही एका दुकानदाराच्या शब्दावर विसंबून एक महागडे रीळ घेतले. बॉल-बेअरिंग किती, मुठीच्या फेऱ्यास वेग किती, हे सारे त्याने तोंडपाठ सांगितले. लगामाविषयी त्याने अवाक्षर काढले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. भरती फिरण्याच्या वेळी एक चोणक लागला, उसळला, धावला; लगाम अडकला आणि तंगूस तुटला. मासा तोंडात गरी घेऊन गेला. रीळ शाबूत राहिले. दंड भरला तो माशाने.

लगाम म्हणजे ज्यास ड्रॅग म्हणतात तो. मासा जोराने ओढू लागला असता तंगूस तुटू न देता सरकू देणे, हे त्याचे काम. रिळाची परीक्षा करावयाची ती येथे. तंगूस 10 किलोचा असेल, तर ताणकाट्यास बांधून ओढावा. अडीच ते तीन किलोस तो हिसका न देता सरकू लागला पाहिजे. शिवाय तंगूस जसजसा बाहेर जातो, तसतसा फिरकीवरील वेटोळ्याचा व्यास घटतो आणि तोच लगाम जड होतो. व्यास निम्मा झाला की ताण दुप्पट. म्हणून अरुंद फिरकीवर अपुरा तंगूस भरणे हा शुद्ध अविचार होय. स्थिर फिरकीच्या कैवाऱ्यांनाही आमची एक समज आहे: मासा तंगूस ओढून नेत असता मूठ फिरवत राहिल्यास तंगुसास पीळ पडतो. लगाम चालू असता हात थांबला पाहिजे. जे रीळ खाऱ्या पाण्यानंतर गोड्या पाण्याने धुवून, लगाम सैल करून ठेवण्याचे कष्ट आपणांस नकोत, ते कितीही भारी असो, आपणांसाठी नव्हे.

कोणी म्हणेल, मासा शेवटी पानात वाढण्यासाठीच धरावयाचा, मग ही दया कसली? आमचे उत्तर सरळ आहे. पानात आला तो मासा अन्न झाला. गरीसह सुटला तो ना अन्न झाला, ना धड मोकळा झाला. पानातले टाकू नये हा ज्या घरांतील पहिला संस्कार, त्या घरांतील माणसाने ही नासाडी हौस म्हणून खपवून घेऊ नये. खारफुटीच्या मुळांत अडकलेला तुटका तंगूसही वर्षानुवर्षे तेथेच राहतो आणि इतर जिवांस फास होतो.

आमच्यापैकी अनेकांनी शृंगेरीस तुंगेच्या घाटावर उभे राहून माशांना चुरमुरे घातले आहेत. तेथे गळ टाकण्याची गोष्टही निघत नाही, आणि ते योग्यच आहे. पण घाटावरचा मासा तेवढा देवाचा आणि खाडीतला मासा बेवारशी, असा भेद आम्हांस मान्य नाही.

तेव्हा आमचा निकाल असा: काठावर स्थिर फिरकी, होडीत दातेरी रीळ, आणि दोहोंत किमतीआधी लगाम. ज्यास लगाम पारखता येत नाही, त्याने खुशाल आजोबांप्रमाणे हातगरी धरावी. वाईट रिळापेक्षा ती शतपट बरी. निदान तिच्यात माशाची ओढ बोटांस कळते.