सिंहगडाचा नाका आणि रविवारचा हिशेब

प्रति,
माननीय वनमंत्री, महाराष्ट्र राज्य
विषय : सिंहगडावरची गर्दी आणि उपद्रव शुल्क
संदर्भ : पावसाळ्यातला कोणताही रविवार

महोदय,

सिंहगडाबद्दल तक्रार करायची तर ती नेमकी कुणाकडे, इथूनच अडचण सुरू होते. डोंगरावरचं जंगल वन विभागाचं, किल्ला पुरातत्त्व विभागाचा, रस्त्याची दुरुस्ती सार्वजनिक बांधकामकडे आणि बस आलीच तर ती पीएमपीची. घाटाच्या नाक्यावर उपद्रव शुल्काची पावती फाडते ती मात्र वन विभागाच्या छत्राखालची संयुक्त वन व्यवस्थापन समिती. जो पैसे घेतो त्याच्याकडे दाद मागायची हा साधा बाजारी नियम, म्हणून पत्र तुम्हाला.

पावती दुचाकीला ५० रुपये, चारचाकीला १००. रकमेबद्दल माझी कुरकुर नाही. पुण्यात तासभर गाडी लावायलाही कुठे कुठे एवढे पडतात. या पैशातून नाक्यावरच्या माणसांचा पगार निघतो, कचरा उचलला जातो, आणि ही कामं घेऱ्यातल्या गावांतलीच माणसं करतात, हेही चांगलंच आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. शुल्क गाडीवर आहे, त्यामुळे गडाची देखभाल गाड्यांच्या संख्येवर जगते. गर्दी घटली की गंगाजळी आटते. आतकरवाडीच्या पायवाटेनं घाम गाळत चढणारा कुणाला उपद्रव देत नाही आणि उत्पन्नही देत नाही; घाट अडवून बसलेली मोटार दोन्ही देते. मग तिला खालीच थांबवा असं म्हणायची हिंमत कुणाला व्हावी?

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला एकदा पायथ्याशी उभे राहून बघा. लाल दिव्याची गाडी आता नसते, तेव्हा कुणी ओळखणारही नाही. वरचं वाहनतळ भरलं की खाली गाड्या रोखून धरतात. वरून चार उतरल्या की खालून चार सोडतात. चढावर थांबलेल्या गाड्यांतून क्लचप्लेट जळाल्याचा उग्र वास येतो. रांगेत कंटाळलेली पोरं खिडकीतून वेफर्सची पुडी दरीकडे भिरकावतात, आणि दह्याची मडकी पाटीत घेऊन निघालेली मावशी गाड्यांचे आरसे चुकवत कडेकडेनं वर सरकते. त्या वेळी वर कुणाच्या छातीत दुखलं, तर रुग्णवाहिका कुठून जाणार, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. पावसाळ्यात त्यात दरडींची भर. २०१७ साली दरड कोसळून रस्ता बंद पडला, तेव्हा भाकरी-पिठल्यावर पोट असणाऱ्यांचा धंदाही बसला होता. एकाच रस्त्यावर सगळा गड टांगून ठेवला की असं होतं.

उपाय नवा शोधायचा नाही, तो एकदा करून झालाय. मे २०२२ मध्ये खासगी गाड्या खाली थांबवून पीएमपीच्या ई-बस वर सोडल्या होत्या. पायथ्याशी चार्जिंगची सोय पुरेशी नाही, बस कमी, माणसं रांगेत ताटकळलेली. महिना उलटायच्या आत प्रयोग गुंडाळला. तेव्हापासून बसचा विषय निघाला की ‘ते करून बघितलं होतं’ एवढं म्हणून फाइल मिटते. अहो, चूल न पेटवता भात शिजला नाही म्हणून तांदळाला दोष देण्यासारखं आहे हे. आधी चार्जिंग, मग बस, मग बंदी, असा क्रम लावून एक अख्खा हंगाम तरी चालवून बघा. गडावर राहणाऱ्यांच्या आणि मालवाहू गाड्यांना अर्थातच सूट हवी. आणि तिकिटातले ठरावीक रुपये थेट समितीला द्या. मग तिचं उत्पन्न माणसांवर ठरेल, गाड्यांवर नाही, आणि नाक्यावरच्या माणसाचा पगार ट्रॅफिक जॅमवर अवलंबून राहणार नाही.

धंदा बुडेल, असं विक्रेते म्हणतील. त्यांची भीती खोटी नाही. २०२२ ची घाई त्यांनीही पाहिलेली आहे. पण माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि गाव पर्यटकांवरच जगतं. आणि माणसं किती सोडायची याचा दाखला तुमच्याच खात्याकडे आहे. कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० जणांची मर्यादा आहे आणि आगाऊ नोंदणी करून लोक मुकाट जातात. फुलं तुडवली की दिसतात, तटबंदीची झीज दिसत नाही, एवढाच काय तो फरक. सिंहगडाचा आकडा किती असावा हे मी सांगणार नाही. गडावरच्या देवटाक्याचं पाणी, वरची शौचालयं, पायवाटा मोजून तो तज्ज्ञांनी ठरवावा. मात्र तो ठरेपर्यंत रोपवेची भाषा कृपा करून करू नका. रोपवे रस्त्यावरची गर्दी माथ्यावर नेऊन ओतेल, आणि माथा काही रुंद होणार नाही.

बस, आकडा या गोष्टींना वेळ लागेल, चार खात्यांच्या सह्या लागतील. एक काम मात्र तुमच्या एका आदेशानं होईल. नाक्यावर दरपत्रक रंगवता येतं, तसाच त्याच्या शेजारी दुसरा फलक लावता येईल : मागच्या महिन्यात इतकी वसुली, त्यातून इतका पगार, इतका कचरा उचलण्यावर, इतके शिल्लक. पावती फाडणारा पोरगा रोज शंभर जणांची ‘कशाला द्यायचे?’ ही हुज्जत ऐकतो. त्याला नुसतं बोट दाखवता येईल. येत्या पावसाळ्याआधी तेवढा फलक लावून घ्यावा, ही विनंती.

कळावे,
आपला,
आतकरवाडीच्या वाटेनं चढणारा एक पुणेकर