दहावी आहे, म्हणून पळणं बंद?

जूनमध्ये सुट्टी संपवून निघताना बाबा स्टेशनवर म्हणाले, "यंदा ग्राउंड बंद. दहावी आहे." मी 800 मीटर पळतो. "हो बाबा" म्हणालो आणि गाडीत बसलो. शाळेत आल्यावर कळलं की माझ्या वर्गातल्या बऱ्याच खेळाडूंना घरून हेच सांगून पाठवलंय. हेतू चांगला आहे, पण मला हा निर्णय चुकीचा वाटतो. का, ते सांगतो.

दर दोन वर्षांनी जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा होतात. 1959 साली इटलीतल्या तुरिन शहरात त्या 'युनिव्हर्सियाड' या नावाने सुरू झाल्या. तिथे उतरायचं तर नुसता वेग पुरत नाही. खेळाडू विद्यापीठात शिकत असावा लागतो किंवा त्याने नुकतीच पदवी घेतलेली असावी लागते. म्हणजे स्टार्टिंग ब्लॉकवर वाकलेल्या प्रत्येकाच्या मागे एक परीक्षा असतेच.

ही स्पर्धा हलकी आहे असं कोणी समजू नये. 1979 साली मेक्सिको सिटीत इटलीचा पिएत्रो मेनेआ 200 मीटर 19.72 सेकंदांत पळाला. ते शहर उंचावर आहे, तिथल्या विरळ हवेची मदत झाली हे खरं. तरीही तो विश्वविक्रम 1996 पर्यंत टिकला. मेनेआ तेव्हा राज्यशास्त्राचा विद्यार्थी होता.

आपलेही खेळाडू तिथे चमकले आहेत. 2017 मध्ये तैपेईला नाशिकच्या संजीवनी जाधवने 10,000 मीटरमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या 25 फेऱ्यांत, रौप्यपदक मिळवलं. 2019 मध्ये नेपल्सला द्युती चंदने 100 मीटरचं सुवर्ण 11.32 सेकंदांत जिंकलं. 2023 मध्ये चेंगडूला ज्योती याराजीने 100 मीटर हर्डल्समध्ये 12.78 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून कांस्य घेतलं. पॅरिस ऑलिंपिकच्या थेट प्रवेशासाठी 12.77 हवे होते. एका शतांश सेकंदाने हुकलं! तरी पुढे ती पॅरिसला गेलीच. जिथे शतांशाचा हिशेब होतो, तिथे अख्खं वर्ष बंद ठेवणं किती महाग पडेल?

आता बाबांची बाजू. मागच्या वर्षी हाउस स्पर्धांच्या दिवसांत मी प्रेपमध्ये डेस्कवर डोकं ठेवून झोपायचो. गणितात 80 पैकी 41 मिळाले. दोष ग्राउंडचा नव्हता. खरं सांगायचं तर ग्राउंडच्या नावाखाली मी गणित टाळत होतो. यंदा पळणं बंद करून सहामाहीत किती मिळाले? 44. मोकळा झालेला तास पुस्तकाला मिळालाच नाही, तो डॉर्मिटरीत गप्पांत गेला. आणि उस्तादांनी परवा सहज 800 मीटरची वेळ घेतली, तर मी सात सेकंदांनी मागे पडलो होतो.

आपल्यातल्या बहुतेकांना एनडीए गाठायची आहे. तिथल्या निवडीत लेखी परीक्षेला 900 गुण आणि एसएसबीलाही 900. खडकवासल्याला पोहोचल्यावर जेएनयूची पदवी घ्यायची आणि क्रॉस कंट्रीही पळायची. "उद्या पेपर आहे, आज राहू दे" असं तिथे कोणी म्हणणार नाही. दोन्ही एकत्र सांभाळायची सवय मग कधी लावायची?

म्हणून माझी सूचना अशी. दहावीच्या कॅडेट्सना आठवड्यातून तीन दिवस, 40 मिनिटं सराव करू द्यावा. डिसेंबरपासून बाहेरगावच्या स्पर्धा बंद. चाचणीत ठरलेल्या गुणांपेक्षा कमी पडले, तर पुढचे दोन आठवडे ट्रॅकवर पाय ठेवायचा नाही. ही अट आधी मला लावावी, मी सही करायला तयार आहे. मित्रांनो, सवलत मागायची तर आपणही प्रेपमध्ये जागं राहायला हवं.

बाबा, दिवाळीला घरी येताना हा अंक घेऊन येतो. आधी वाचा, मग काय ते सांगा.