मानेगावचा दगड आणि अंटार्क्टिकाचा फ्रीज

परवा जळगावला घरी गेले होते. जेवताना सहज म्हटलं, "बाबा, आपल्या मुक्ताईनगरजवळ आकाशातून दगड पडला होता, माहितीये?" बाबांनी शेवभाजीच्या ताटातून मान वर न काढता विचारलं, "कोणाच्या शेतात?"

अहो, 1843 मध्ये! 29 जूनला, मानेगावला. मुक्ताईनगर तेव्हा एदलाबाद होतं. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये हेन्री पिडिंग्टनने त्यावर लिहिलं. 'सायक्लोन' हा शब्द ज्याने दिला, तोच हा पिडिंग्टन. पुढे 1877 मध्ये धुळ्याकडे भागूरलाही एक उल्का पडली. खान्देशचा स्कोअर वाईट नाही बरं का!

मानेगावचा माल मूठभरसुद्धा नाही, पण जात भारी. डायोजेनाइट. म्हणजे बहुधा वेस्टा या लघुग्रहाचा तुकडा. पडताना पाहिलेले असे दगड जगात जेमतेम डझनभर. बाकीचे सापडतात वाळवंटात आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात.

मला वाटायचं, बर्फातले सगळ्यात फ्रेश असणार. एवढा मोठा डीप फ्रीज! साफ चूक. उन्हाळ्यात काळा दगड ऊन पितो, भोवतीचा बर्फ किंचित वितळतो आणि पाण्याचा पातळ थर आत झिरपत राहतो. दगडातलं लोखंड गंजतं. एक-दोन वर्षं नाही, कधीकधी लाखो वर्षं हेच चालू.

आता गंज चढला तर बिघडलं काय? बिघडतं ते ऑक्सिजनमध्ये. ऑक्सिजन-16, 17 आणि 18 यांचं प्रमाण म्हणजे दगडाचा पॅन नंबर. पृथ्वीवरचे दगड एका रेषेत बसतात, वेस्टाचे त्या रेषेपासून हजारात जेमतेम पाव भाग खाली. फरक एवढाच! आणि गंजाला लागणारा ऑक्सिजन येतो कुठून? बर्फाच्या पाण्यातून. ध्रुवाकडे जाताना ढगांतलं जड ऑक्सिजन-18 वाटेतच गळून पडतं, त्यामुळे आतल्या भागातल्या बर्फात ते समुद्रापेक्षा चार-पाच टक्क्यांनी कमी असतं. हे पाणी दगडात मिसळलं की आकडे सरकतात आणि पाहुणा हळूहळू पृथ्वीकर दिसायला लागतो. म्हणून मोजण्याआधी शास्त्रज्ञ नमुना सौम्य आम्लात धुऊन गंज काढतात. पार्लरमधला क्लीनअपच म्हणा.

गंमत म्हणजे हे काम वेगातही होतं. लुइस क्लिफ भागात 1985-86 च्या मोसमात सापडलेल्या एका उल्केवर पांढरे क्षार फुलले होते. त्यातल्या कार्बन-14 ने सांगितलं, हे तर अलीकडच्या काही दशकांतलं, आपल्याच हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून बनलेलं! दगड आकाशातला, मेकअप पृथ्वीचा.

म्हणून मला मानेगावचा तो चिमूटभर दगड मोठा वाटतो. तोही अगदी कोरा नाही हां. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर पडला, नंतर कलकत्त्याची दमट हवा. पण तो पृथ्वीवर कधी आला ते तारखेनिशी माहीत आहे. इथलं पाणी आणि हवा त्याला दोनशे वर्षंही लागलेली नाहीत. बर्फातल्या भावंडांचं किती बिघडलंय हे ठरवायला असलाच दगड शेजारी ठेवावा लागतो.

हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, हात धुतले आणि विचारलं, "मग आपल्या जिल्ह्यात एखादा तुकडा ठेवलाय का कोणी?"

मी ताटं उचलायला लागले.